डॉक्टरांमधला इंजिनिअर : आर्थर गायटन

मेडिकलला असलेल्या एखाद्या मित्राच्या रूमवर गेलात तर टेबलावर विटेसारखं जाड एक पुस्तक हमखास दिसेल. कधी ते वाचायला असतं, कधी उशाला, तर कधी खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेलं. त्या पुस्तकाचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. गायटन वाचलास का, गायटन कुठपर्यंत झालं, एवढंच विचारतात. पण गायटन हे मुळात पुस्तकाचं नाव नाही, माणसाचं आहे. हा माणूस २००३ साली गेला, म्हणजे आज आपल्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात डॉक्टरचं चरित्र कशाला? तर मित्रांनो, कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण जो फीडबॅक, गेन आणि स्टेडी स्टेट एरर घोकतो, तोच घेऊन हा डॉक्टर माणसाच्या शरीरात शिरला आणि बीपी नावाचं कोडं त्यानं वेगळ्याच बाजूनं सोडवलं. आणि बीपी हा काही परका विषय नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या उशाजवळ ती छोटी गोळी असतेच.

आर्थर क्लिफ्टन गायटन यांचा जन्म ८ सप्टेंबर १९१९ चा. गाव ऑक्सफर्ड, पण इंग्लंडमधलं नव्हे, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं. वडील बिली गायटन डोळे, कान, नाक, घसा यांचे डॉक्टर आणि तिथल्या विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलचे डीन. आई केट लग्नाआधी चीनमध्ये मिशनरी होत्या, आणि त्या गणित आणि फिजिक्स शिकवायच्या. म्हणजे एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला गणित. पोरगा दोन्हीकडे रमायचा. वडिलांच्या दवाखान्यात जाऊन बघत बसायचा, रेडिओ जुळवायचा, शिडाच्या होड्या बांधायचा. पुढे नोबेल मिळालेले कादंबरीकार विल्यम फॉकनर याच गावचे. त्यांच्याशी आर्थर बुद्धिबळ खेळायचा, आणि स्वतः बांधलेली एक होडी त्यानं चक्क त्यांनाच विकली!

अभ्यासात तो पहिल्यापासून पुढे. मिसिसिपी विद्यापीठातून १९३९ ला पदवी, मग हार्वर्ड मेडिकल स्कूलमधून १९४३ ला डॉक्टर. हार्वर्डमध्येही इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणं बनवायचा नाद सुटला नव्हता. पण ठरलेलं एकच होतं, सर्जन व्हायचं. बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जरीचं प्रशिक्षण सुरू झालं, रूथ वायगल यांच्याशी लग्न झालं. मधे दुसऱ्या महायुद्धामुळे नौदलात जावं लागलं. युद्ध संपलं, १९४६ साली गायटन पुन्हा बोस्टनला आले. आता थोडं प्रशिक्षण उरलं होतं, की झालेच हार्ट सर्जन.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांना पोलिओ झाला.

वय २७. पोलिओची लस यायला अजून नऊ वर्षं होती. जीव वाचला, पण उजवा पाय, डावा हात आणि दोन्ही खांदे लुळे पडले. सर्जनला काय लागतं? तासन् तास उभं राहायला पाय, आणि न थरथरणारे दोन हात. नेमकं तेच गेलं. शाळेपासून ज्या दिशेनं चाललो, ती वाट एका तापात बंद.

पुढचे नऊ महिने त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथं काढले. हे ठिकाण महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबूया. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही पोलिओ झाला होता, १९२१ साली. तिथल्या कोमट झऱ्याच्या पाण्यात व्यायाम केला की बरं वाटतं म्हणून ते तिथं जाऊ लागले आणि पुढे त्यांनी ती जागाच विकत घेऊन पोलिओच्या रुग्णांसाठी केंद्र उभं केलं. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले तेही याच वॉर्म स्प्रिंग्जमध्ये. कारण होतं मेंदूतला रक्तस्राव. त्याच्या मुळाशी होतं बीपी. वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये त्यांचं बीपी १८६/१०८ होतं. शेवटच्या दिवशी ते ३००/१९० मोजलं गेलं. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा प्रमुख, दिमतीला हवे तेवढे डॉक्टर, पण उपाय काय? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, हृदयासाठी डिजिटॅलिस घ्या. बीपी खाली आणून खालीच ठेवेल अशी साधी गोळी तेव्हा नव्हतीच. उलट काही डॉक्टरांना वाटायचं की वाढलेलं बीपी शरीराला गरजेचं असतं, उगाच छेडू नये.

रूझवेल्ट गेले आणि जेमतेम दोन वर्षांच्या आत गायटन त्याच जागी उपचार घेत होते. हा निव्वळ योगायोग. तिथं बसून त्यांना बीपीचा साक्षात्कार वगैरे झाला नाही. तिथं त्यांनी केलं ते अगदी आपल्या जातीचं काम. स्वतःची अडचण बघितली आणि मशीन बनवायला घेतलं. जॉयस्टिकनं चालणारी मोटरची व्हीलचेअर, रुग्णाला उचलून ठेवणारी मोटरची क्रेन, पायासाठी खास ब्रेस. या कामाबद्दल पुढे त्यांना राष्ट्राध्यक्षांचं मानपत्र मिळालं.

१९४७ साली ते आपल्या गावी, ऑक्सफर्डला परतले. तिथल्या दोन वर्षांच्या छोट्याशा मेडिकल स्कूलमध्ये शिकवू लागले आणि १९४८ मध्ये फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. हार्वर्डचा हुशार डॉक्टर या आडगावात काय करणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या टिपणांतून एक पुस्तक आकाराला आलं. १९५६ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. तीच ती वीट! आठव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, हे सगळं पुस्तक एकट्या गायटननी लिहिलं. एवढा मोठा विषय, त्याचं पाठ्यपुस्तक एकहाती, तेही पस्तीस वर्षं. ज्यानं जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री चार पानं लिहिली आहेत त्याला याचा अर्थ कळेल.

१९५५ ला मेडिकल स्कूल जॅक्सन शहरात हललं आणि गायटनही तिकडे गेले. तिथं त्यांच्या लॅबमध्ये जे झालं ते त्यांचं खरं काम.

प्रश्न वरवर साधा होता. माणसाचं बीपी वर्षानुवर्षं एकाच पातळीला कसं राहतं? आणि ते कोण ठरवतं?

आपण झोपेतून उठून एकदम उभे राहतो तेव्हा रक्त पायाकडे उतरतं, डोक्याकडचा दाब घसरतो. तरी आपण रोज चक्कर येऊन पडत नाही. कारण मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारे सेन्सर असतात, बॅरोरिसेप्टर. ते मेंदूला कळवतात, मेंदू काही सेकंदांत हृदयाचा वेग वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. हे तेव्हाही माहीत होतं. त्यामुळे बऱ्याच जणांचं मत असं की बीपी म्हणजे हृदय, नसा आणि रक्तवाहिन्यांचा खेळ. वाहिन्या आवळल्या की बीपी वाढलं, संपलं.

गायटनना हे पटेना. बॅरोरिसेप्टर म्हणजे आपल्या भाषेत प्रपोर्शनल कंट्रोलर. चूक कमी करतो, पण शून्य करत नाही. शिवाय दाब दोनेक दिवस चढाच राहिला तर हे सेन्सर त्यालाच नॉर्मल समजू लागतात. त्यांच्या लॅबमधल्या ॲलन काउली आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. या सेन्सरच्या नसाच तोडून टाकल्या. बीपी दिवसभर वेड्यासारखं वर-खाली होऊ लागलं. पण चोवीस तासांची सरासरी काढली तर ती जवळपास पूर्वीएवढीच! म्हणजे हे सेन्सर धक्के शोषतात, पातळी ठरवत नाहीत. पातळी ठरवणारा कुणीतरी दुसरा आहे.

तो दुसरा म्हणजे मूत्रपिंड, आपली किडनी.

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून पाणी सतत पडतंय आणि टाकीच्या बाजूला एक भोक आहे. पाण्याची पातळी कुठं थांबेल? जिथं आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी सारखं होईल तिथं. आता टाकीत दोन बादल्या जास्त ओता. पातळी चढेल, भोकातून पाणी जोरात जाईल आणि थोड्या वेळानं पातळी मूळ जागी येईल. दोन बादल्या उपसा. भोकातून जाणारं पाणी कमी होईल आणि पातळी पुन्हा तिथंच. जवळपास नव्हे, बरोब्बर तिथंच. कारण थोडा जरी फरक उरला तरी पाणी साठत किंवा घटत राहणार. घाई नाही, पण फरक शून्य होईपर्यंत थांबणंही नाही. हाच इंटिग्रल कंट्रोलर. गायटननी याला इनफिनिट गेन म्हटलं.

शरीरात ती टाकी म्हणजे रक्त आणि शरीरातलं पाणी, पातळी म्हणजे बीपी आणि भोक म्हणजे किडनी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. बाकी सगळं परत रक्तात. किती परत घ्यायचं यात किंचित बदल झाला तरी दिवसाचा हिशोब पार बदलतो. आणि किडनी दाबाला दाद देते. धमन्यांतला सरासरी दाब ५० मिलिमीटरवर आला तर लघवी जवळजवळ बंद. १०० ला नेहमीएवढी. २०० ला नेहमीच्या सहा ते आठ पट. बीपी वाढलं की मीठ आणि पाणी बाहेर जातं, रक्ताचं आकारमान घटतं, बीपी उतरतं.

मग हॉर्मोन्स काय करतात? ते भोक वर-खाली सरकवतात, लहान-मोठं करतात. रक्तस्राव किंवा जुलाब होऊन दाब पडला की किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते. रेनिनचा शोध १८९८ चा, टिगरस्टेट आणि बर्गमन यांचा. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, फुप्फुसांत त्यावर आणखी एक कात्री चालते आणि तयार होतो अँजिओटेन्सिन-दोन. हा वाहिन्या आवळतो, तहान लावतो, किडनीला मीठ धरून ठेवायला लावतो. वर ॲड्रिनल ग्रंथीला सांगून अल्डोस्टेरॉन सोडवतो, तेही मीठच धरतं. मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन पाणी राखतं. उलट दिशेला, रक्त जास्त झालं की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि तेही एक हॉर्मोन सोडतात. ते मीठ बाहेर घालवतं. हा शोध १९८१ चा.

या यंत्रणेची कमाल मिठात दिसते. मेसमध्ये एक दिवस पापड-लोणच्यावर ताव मारला तरी निरोगी माणसाचं बीपी फारसं हलत नाही. कारण मीठ वाढलं की रेनिन कमी होतं, भोक मोठं होतं आणि पातळी न चढताच जादा मीठ निघून जातं. मात्र ज्याचं रेनिन असं कमी-जास्त होत नाही, किंवा ज्याची किडनी थकलेली आहे, त्याची टाकी त्याच मिठानं चढते.

आता खरी गंमत. समजा शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या, पण किडनी आणि तिच्या वाहिन्या जशाच्या तशा राहिल्या. बीपी चढेल. पण किडनी लगेच मीठ-पाणी बाहेर टाकू लागेल आणि काही दिवसांत बीपी मूळ जागी. म्हणजे किडनीचं भोक बदलल्याशिवाय बीपी कायमचं वाढूच शकत नाही! आणि किडनीचीच धमनी आवळली तर? १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांवर नेमकं हेच केलं होतं. बीपी चढलं आणि चढलेलंच राहिलं.

हे सगळं गायटननी नुसतं शब्दांत मांडलं नाही. थॉमस कोलमन या सहकाऱ्याबरोबर साठच्या दशकात त्यांनी कॉम्प्युटर मॉडेल बांधायला घेतलं. १९७२ मध्ये गायटन, कोलमन आणि ग्रेंजर यांनी त्याची आकृती छापली. ३५४ ब्लॉक, एकमेकांत गुंतलेल्या रेषा, आणि प्रत्येक ब्लॉकमागं एक किंवा जास्त समीकरणं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं हे टीव्हीचं सर्किट आहे. डॉक्टर मंडळी चक्रावली. त्या काळी जीवशास्त्रात असं काही करायची पद्धतच नव्हती.

पण मॉडेल चालायचं. किडनीचा सुमारे ७० टक्के भाग काढलेल्या कुत्र्यांना मिठाचं पाणी दिलं, तर आधी शरीरात पाणी साठून हृदयातून जाणारं रक्त वाढतं, मग हळूहळू वाहिन्या आवळतात आणि हृदयाचं काम पुन्हा नेहमीसारखं होतं. राहतं ते फक्त चढलेलं बीपी आणि आवळलेल्या वाहिन्या. हा क्रम मॉडेलमध्येही दिसला आणि प्रयोगातही. म्हणजे उशिरा तपासणाऱ्या डॉक्टरला आवळलेल्या वाहिन्या दिसणार आणि तो त्यांनाच दोषी धरणार. मूळ चोर केव्हाच मागच्या दारानं गेलेला.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. मज्जासंस्थेचा वाटा मोठा आहे, वाहिन्यांचा स्वतःचा दोष असू शकतो, मीठ त्वचेतही साठतं, मॉडेलमध्ये ते नाही, असे आक्षेप आहेत आणि वाद आजही चालू आहे. पण त्यांच्या बाजूचे पुरावेही भक्कम आहेत. बीपीच्या उंदराची किडनी दुसऱ्या उंदराला बसवली तर किडनीबरोबर बीपीही तिकडे जातं. आणि एकाच जनुकातल्या बिघाडानं बीपी वाढण्याचे जे दुर्मिळ आजार सापडले, त्यांतले बहुतेक किडनीच्या मीठ राखण्याशीच येऊन थांबतात.

घरी गायटन कसे होते? दहा मुलं, आठ मुलगे आणि दोन मुली. आणि दहाही डॉक्टर झाली! मुलांना घेऊन ते सतत काहीतरी बांधत असायचे. राहतं घर, बोट, पोहण्याचा तलाव, रेडिओ, स्टिरिओ. खांदे लुळे, पाय अधू, पण घरात विकत आणण्याआधी बनवून बघायची पद्धत. १९७४ मध्ये ते अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १९८९ ला विभागप्रमुखपद सोडलं, पण काम सोडलं नाही. १९९६ च्या नवव्या आवृत्तीपासून त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी जॉन हॉल पुस्तकात सहलेखक म्हणून आले. ३ एप्रिल २००३ ला एका मोटार अपघातात गायटन गेले. रूथही त्याच अपघातात जखमी झाल्या आणि काही दिवसांत त्याही गेल्या. पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, मुखपृष्ठावर त्यांचं नाव तसंच आहे.

सर्जन व्हायचं राहून गेलं म्हणून आपल्याला हा माणूस मिळाला, असं म्हणणं सोपं आहे. पण ते त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं. पोलिओनं त्यांना काही दिलं नाही, घेतलंच. उरलं त्यात त्यांनी काम केलं, एवढंच.

शेवटी एक कामाची गोष्ट. बीपी असलेल्या माणसाची किडनी रोज मीठ बाहेर टाकतच असते, निरोगी माणसाइतकंच. फरक हा की तेवढंच काम करायला तिला जास्त दाब लागतो. लघवी वाढवणारी गोळी किंवा अँजिओटेन्सिनला अडवणारी गोळी ते भोक खाली आणते, म्हणून पातळी उतरते. गोळी बंद केली की भोक पुन्हा वर. पातळी लगेच चढत नाही, काही दिवस, कधी काही आठवडे घेते. टाकी हळूच भरते, म्हणून कळतही नाही. आता बीपी नॉर्मल आलंय, गोळी कशाला, असं म्हणून बाबांनी परस्पर गोळी बंद केलेली घरं आपल्यात कमी नसतील. ते नॉर्मल बीपी गोळीमुळे आहे. गोळी कमी करायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतील.

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की उशाजवळची ती गोळ्यांची पट्टी एकदा बघा. किती गोळ्या उरल्यात ते मोजा. आणि कमी संपल्या असतील तर टाकीची गोष्ट सांगा. रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, फक्त घ्यायला हवं.